पोचवायला कोण येणार?

(महिला गटांच्या दोन दिवसांच्या शिबिरात 'स्त्रिया आणि प्रवास' या सत्रात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

सकाळच्या सत्रात कायद्यांविषयी बरंच जड बोलून झालं आहे. जेवणानंतरच्या या सत्रात तुम्हाला झोप येऊ नये म्हणून मला बोलायला उभं केलंय, असं ताई म्हणाल्या. मी एका प्रवासाची गोष्ट सांगणार आहे. माझीच आहे. आपल्या चळवळीत स्वतःविषयी बोलायला आपण लाजतो, वस्तीतल्या बाईचं सांगू, पाड्यावरच्या बाईचं सांगू, पण स्वतःचं नको. आज मी ती लाज जरा बाजूला ठेवते.

२०१३ साल. नागपूरला माझं एम.एस.डब्ल्यू. नुकतंच संपलं होतं. घर भंडाऱ्याला. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात एका संस्थेच्या समुपदेशन केंद्रात मला नोकरी लागली. पगार फारसा नव्हता, पण काम मला हवं तेच होतं. आता साक्री कुठे आणि भंडारा कुठे! महाराष्ट्राचा नकाशा डोळ्यांसमोर आणा, आम्ही पार उजव्या टोकाला आणि साक्री पार डाव्या टोकाला, जवळजवळ गुजरातच्या हद्दीवर. गंमत म्हणजे रस्ता एकच. तेव्हा त्याला सहा नंबरचा हायवे म्हणत, आता त्याचा क्रमांक ५३ झाला आहे. तो भंडाऱ्याहून नागपूर, अमरावती, अकोला, खामगाव, मलकापूर, भुसावळ, जळगाव, धुळे असा सरळ पश्चिमेला जातो आणि साक्रीवरून पुढे सुरतेला पोचतो. आमच्या दारावरून जाणाऱ्या रस्त्यानंच मला कामावर जायचं होतं.

घरात पहिला प्रश्न आला तो पगाराचा नाही, कामाचा नाही, राहण्याचाही नाही. आई म्हणाली, "पोचवायला कोण येणार?"

बाबांनी लगेच सांगितलं, "मी येतो तुले पोचवून द्याले."

हा शब्द मी जन्मभर ऐकत आले होते. शाळेत पोचवायचं, क्लासला पोचवायचं, होस्टेलवर पोचवायचं. त्या दिवशी तो पहिल्यांदा कानाला खटकला. पोचवतात ते पार्सल. आपल्या भाषेत बाईच्या प्रवासासाठी किती शब्द आहेत बघा. पाठवणी, बोळवण. सासरहून आणायला भाऊ जातो तो मुराळी. म्हणजे कुणीतरी तिला पाठवतं, कुणीतरी आणतं. आणि ती स्वतः गेली तर? तर ती 'निघून गेली', नाहीतर 'पळून गेली'. पुरुष गेला की तो नुसता 'गेला' असतो. याच्यावर भाषातज्ज्ञांनी लिहावं, मी आपली सामान्य कार्यकर्ती आहे.

माझ्याकडे एक जुनी स्कूटर होती, सीनियर मैत्रिणीकडून हप्त्यानं घेतलेली. साक्रीला पाडे लांब लांब पसरलेले, गाडी लागणारच होती. ती रेल्वेनं पार्सल करता आली असती, बाबा तेच म्हणत होते. पण मी ठरवलं की गाडी चालवतच न्यायची. भंडाऱ्याहून सहाशेच्या वर किलोमीटर, तीन दिवस. घरी मी कारणं दिली की पार्सलला पैसे पडतात, गाडीचा काच फुटतो. मैत्रिणींनो, ती कारणं खोटी होती. खरं कारण एवढंच की मला जायचं होतं. पण बाईनं रस्त्यावर असायला कारण लागतं. दळण, दवाखाना, देऊळ, मुलाची शाळा. 'उगाच' हे कारण फक्त पुरुषाला चालतं. म्हणून मीही कारण काढलं, सगळ्याजणी काढतात तसं.

आणि काळ कसा होता! दिल्लीची १६ डिसेंबर २०१२ ची घटना होऊन सहा महिनेही झाले नव्हते. प्रत्येक घरात टीव्हीसमोर मुलींना सूचना मिळत होत्या. आत्या म्हणाली, जळगावला थांबू नको, तिथलं ९४ सालचं प्रकरण विसरलीस का? बाबा म्हणाले, धुळ्यात जानेवारीतच दंगल झाली आहे. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या. भीतीला आधार नव्हता असं मी म्हणणार नाही. पण मला वाटायचं की ९४ साली जळगावात ज्या मुलींवर अत्याचार झाले त्या काही हायवेनं एकट्या चालल्या नव्हत्या. आपल्याच गावात, ओळखीपाळखीच्या माणसांनी त्यांना जाळ्यात ओढलं होतं. घरात आणि गावात जे होतं त्याची भीती आपण रस्त्याच्या नावावर टाकतो.

शेवटी आई मध्ये पडली. रात्री सगळे झोपल्यावर मला म्हणाली, "जाय. पण दर दोन घंट्यानं फोन लाव." बाबांना तिनं काय सांगितलं ते मला अजून माहीत नाही.

नवतपा संपत आला होता तेव्हा निघाले. पहाटे पाचला, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून. नागपूर सुटलं, कोंढाळी गेलं, तळेगाव गेलं. मोझरीला गुरुकुंज आश्रमासमोर चहा घेतला. टपरीवाल्या काकांनी विचारलं, "मागे कोण येऊन राह्यलं?" मी म्हटलं, कुणी नाही. त्यांना वाटलं मी थट्टा करते. त्यांनी खरंच रस्त्याकडे मान वळवून बघितलं.

पहिला दिवस चांगला गेला असं मी घरी फोनवर सांगितलं, पण एक गोष्ट सांगितली नाही. सकाळपासून मी पाणी प्यायले नव्हते. नवतप्यात. का ते इथल्या प्रत्येकीला माहीत आहे. पुरुष कुठेही झाडामागे उभा राहतो. पेट्रोल पंपांवर पिण्याचं पाणी, हवा आणि स्वच्छतागृह फुकट देणं पंपचालकाला बंधनकारक आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी गेलेल्या दोन पंपांवर दाराला कुलूप होतं आणि किल्ली 'शेठकडे'. तिसऱ्यावर कुलूप नव्हतं, कडीही नव्हती. अकोल्याला मैत्रिणीच्या मावशीकडे पोचले तोवर उन्हाळी लागली होती. रात्रभर तळमळले. मावशींनी धन्याचं पाणी दिलं.

पुढे याच रस्त्याचं नाव जगभर झालं. जून २०२२ मध्ये अमरावती आणि अकोल्यादरम्यान ७५ किलोमीटर लांबीची डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत तयार केली म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. अभिमानाची गोष्ट आहे, काम करणाऱ्या मजुरांना सलाम. पण त्या विक्रमात बायकांच्या मुतारीचा कुठे उल्लेख मी वाचला नाही. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी'चं आंदोलन उभं राहिलं तेव्हा वर्तमानपत्रवाले त्या नावालाच हसले होते. आपणही हा शब्द सभेत उच्चारत नाही. मुद्दाम उच्चारला.

दुसऱ्या दिवशी बाळापूरच्या पुढे दोन मुलं मोटरसायकलवरून मागे लागली. पुढे जात, हळू होत, परत मागे येत. काही बोलत नव्हती, नुसती हसत होती. खामगावच्या अलीकडे एक रसवंती दिसली, तिथे थांबले. घुंगराच्या आवाजात तासभर बसले. ती मुलं समोर उभी राहून कंटाळून गेली. तो तास माझा गेला. त्यांचा गेला नाही, त्यांची करमणूक झाली. मग नांदुऱ्याजवळ मागचं चाक बसलं. इथे न्यायानं सांगायला हवं की एका ट्रकच्या क्लीनरनं गाडी ढकलत पंक्चरवाल्यापर्यंत आणून दिली, नाव न विचारता, पैसे न घेता. पंक्चरवाले चाचा रोजा धरलेल्या माणसाच्या शांतपणानं ट्यूब पाण्यात बुडवून बुडवून बघत होते. दोन ठिकाणी फाटली होती. या सगळ्यात संध्याकाळ झाली. भुसावळ गाठणं शक्य नव्हतं. मलकापूरला मुक्काम करायचं ठरवलं.

आता मी खऱ्या मुद्द्यावर येते.

पहिल्या लॉजवर काउंटरच्या माणसानं माझ्या मागे बघितलं. मोझरीच्या काकांसारखंच, पण ते बघणं वेगळं होतं. "साहेब गाडी लावतायत का?" मी एकटीच आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "सिंगल लेडीजला रूम नाही देत." दुसरीकडे खोली होती, पण आधार कार्ड बघून म्हणाले की भंडाऱ्याची मुलगी इथे एकटी कशाला? तिसरीकडचा माणूस भला होता. म्हणाला, "ताई, मला काही नाही, पण पोलिसांचा नियम आहे. वडिलांशी फोनवर बोलणं करून द्या, मग बघतो." मी तेवीस वर्षांची, द्विपदवीधर, नोकरीचं पत्र पिशवीत. वडिलांना फोन लावला असता तर ते म्हणाले असते, तिथेच थांब, मी येतो. नाही लावला.

रात्री नऊला रेल्वे स्टेशनवर गेले. गाडी स्टँडवर लावली, भुसावळचं साधं तिकीट काढलं आणि बायकांच्या वेटिंग रूममध्ये जाऊन बसले. तिकीट होतं, म्हणून बसायचा हक्क होता. एवढाच हक्क मला त्या गावात विकत मिळाला.

तिथे एक साठीच्या आजी होत्या. सुरतेला लेकीच्या बाळंतपणाला चालल्या होत्या. खानदेशातली, वऱ्हाडातली किती माणसं सुरतेच्या कापडगिरण्यांत पोटासाठी गेली आहेत, तुम्हाला ठाऊकच आहे. सोबत एक बोचकं आणि डिंकाचे लाडू. त्यांनी मला कारण विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "पोरी, चपला उशाखाली घे, न्हाई त सकाळी अनवाणी जाशीन." मी त्यांना सगळं सांगितलं, लॉजचं, वडिलांचं, अगदी रडवेली होऊन. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी चाळीस वर्सं एकटी येते-जाते. मले त कोनी इचारलं न्हाई, एकटी काहून." आणि कूस वळवून झोपल्या.

मी झोपले नाही. त्या बाईंचं वाक्य मला अजून सुटलेलं नाही. त्यांना कुणी विचारलं नाही म्हणजे त्या माझ्यापेक्षा मोकळ्या होत्या का? की त्यांचं काही झालं असतं तरी कुणी विचारलं नसतं? आमच्याच भागातली मथुरा आठवली. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात त्या आदिवासी मजूर मुलीवर बलात्कार झाला. पुढे सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडून दिलं. चार प्राध्यापकांनी खुलं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. हे आपण शिबिरात दर वेळी सांगतो. माझ्यासारखीला समाज अडवतो कारण तिची 'अब्रू' जपायची असते. आजींसारखीला, मथुरेसारखीला अडवत नाही, कारण तिला अब्रू आहे असंच तो मानत नाही. मला ज्यांनी खोली नाकारली आणि मथुरेच्या बोलण्यावर ज्यांनी विश्वास ठेवला नाही, त्यांचं हिशेबाचं पुस्तक एकच आहे. दरवर्षी बीडहून ऊसतोडीला पश्चिमेकडे निघणाऱ्या बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, चुलीसकट, लेकरांसकट जातात. तोही नोकरीसाठी पश्चिमेला केलेला प्रवासच आहे. त्यावर कुणी 'धाडसी मुलगी' म्हणून लेख लिहीत नाही. म्हणून माझ्या प्रवासाचं फार कौतुक करू नका, अशी विनंती आहे.

तिसऱ्या दिवशी जळगाव, एरंडोल, पारोळा करत धुळे ओलांडून दिवे लागायच्या वेळी साक्रीला पोचले. घरमालकीण बाईंनी दार उघडून विचारलं, "सोबत कोण आलंय?"

ही झाली गोष्ट. पण मी ती इतकी वर्षं सांगितली नव्हती आणि आज का सांगते? २०१६ मध्ये केंद्रात एक बाई आली, रात्री साडेआठला. नवऱ्यानं मारून हाकललेली, कडेवर दोन वर्षांचं लेकरू. जिल्ह्याच्या ठिकाणी आसरा होता, पण शेवटची एस.टी. गेली होती. माझ्या खोलीवर नेता येईना, कारण नवऱ्याला ती माहीत होती. मी तिला घेऊन लॉजवर गेले. पुन्हा तेच, "जेन्ट्स कोण आहे सोबत?" तेव्हा मला मलकापूर आठवलं आणि माझ्या लक्षात आलं की हा माझ्या मध्यमवर्गी हौसेचा प्रश्न नव्हताच. जिला घर सोडायचं आहे तिला एका रात्रीचं छप्पर पैसे देऊनही मिळत नसेल, तर ती मारणाऱ्या घरातच राहणार. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला, पण त्या हक्काचा आदेश कोर्टातून हातात पडेपर्यंतची रात्र कुठे काढायची?

त्या रात्री मी काउंटरवर संविधानाचं कलम १५ सांगितलं. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात स्पष्ट आहे की केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कुणाही नागरिकाला दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं इथे प्रवेश नाकारता येणार नाही. आणि सरकारी पैशातून राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते वापरण्यावरही बंधन घालता येणार नाही. रस्ते! हा शब्द संविधानात आहे, मैत्रिणींनो. मुळात हे कलम कशातून आलं? १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जे घडलं त्या अनुभवातून. ज्यांना पाणवठ्यावर, खाणावळीत, रस्त्यावर मज्जाव होता त्यांच्या लढ्यानं ते मिळवलं आणि त्यात लिंग हा शब्दही आहे. आपण बायका त्या लढ्याच्या ऋणात आहोत, हे आपल्या सवर्ण मैत्रिणींनी विशेष लक्षात ठेवावं. मीही ठेवते.

लॉजवाल्याला कलम पटलं असं नाही. पण "नियम लेखी द्या, कुठल्या पोलीस ठाण्याचा आहे ते लिहा आणि खाली सही करा" म्हटल्यावर त्यानं किल्ली दिली. एकट्या बाईला खोली देऊ नये असा कोणताही कायदा नाही. असतात त्या तोंडी सूचना, आणि तोंडी सूचनेवर सही करायला कुणी तयार नसतं. एवढं वाक्य पाठ करून घ्या.

मग आम्ही तालुक्यातल्या लॉजमालकांची बैठक घेतली, ठाण्याच्या साहेबांना समोर बसवून. पाच लॉज, तिघांनी मान्य केलं. त्यातला एक पुढे फिरला, म्हणाला, धंद्याचं नाव खराब होतं. त्याच्याकडे शनिवारी-रविवारी कोणते धंदे चालतात ते गावाला माहीत आहे, असो. मला त्या वेळी गाडगेबाबांची आठवण झाली. नाशिक, पंढरपूर, आळंदीला त्यांनी धर्मशाळा बांधल्या. आपल्याच भागातला तो माणूस. परगावच्या माणसाला रात्रीचा आसरा देणं हे त्यांना देवळापेक्षा मोठं वाटलं.

आता परिस्थिती बदलली नाही का? बदलली. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं. आमच्या पाड्यावरच्या बायका त्यानंतर पहिल्यांदा धुळ्याला स्वतः जाऊन आल्या, काहीजणी तर उगाच. त्यावर पुरुष मंडळी कुरकुरतात की बायका फार फिरायला लागल्या. हे वाक्य ऐकलं की मला फार बरं वाटतं. पण हीच एस.टी. २०२१ च्या अखेरीपासून संपामुळे जवळजवळ पाच महिने बंद होती. कामगारांच्या मागण्या रास्त होत्या, त्याविषयी मी बोलत नाही. पण त्या पाच महिन्यांत आमच्या केंद्राच्या गावांतल्या अकरावी-बारावीच्या मुली घरी बसल्या आणि त्यातल्या दोघींची लग्नं लागली. मुलगे मित्राच्या मोटरसायकलवर लटकून कॉलेजला गेले. एका गाडीच्या फेरीवर मुलीचं आयुष्य असं टांगलेलं असतं.

आणि समृद्धी महामार्ग झाला, नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. ५ जून २०२५ ला तो पूर्ण खुला झाला. माझ्यासारखी आज नागपूरहून पश्चिमेला निघाली तर तिला त्या रस्त्यावर जाता येणार नाही, कारण तिथे दुचाकीला बंदी आहे. वेग बघता ते बरोबरही असेल. पण पहिल्या पगाराच्या आधी मुलीकडे कार कुठून येणार? तिच्यासाठी जुनाच रस्ता आहे, कुलूप लावलेल्या मुताऱ्यांसकट.

म्हणून गेल्या वर्षीपासून आम्ही एक वही केली आहे. भंडाऱ्यापासून नवापूरपर्यंत प्रत्येक गावापुढे तीन रकाने. एकट्या बाईला खोली देणारी जागा, कडी लागणारं स्वच्छतागृह असलेला पंप, आणि रात्री फोन केला तर दार उघडणारी आपली मैत्रीण. येत्या जूनमध्ये आमच्या पाड्यावरची एक मुलगी नर्सिंग पूर्ण करून नोकरीला निघाली आहे, ती वहीची एक प्रत बरोबर नेणार आहे. परवा तिची आई माझ्याकडे आली होती. पहिला प्रश्न काय विचारला असेल, ते सांगायची गरज नाही.

अकोला, जळगाव, धुळे भरलं आहे. मूर्तिजापूर, एरंडोल अर्धं आहे. मलकापूरपुढचे तिन्ही रकाने अजून कोरे आहेत. तिकडच्या कुणी आज आल्या असतील तर चहाच्या सुट्टीत मला भेटा, वही माझ्या पिशवीतच आहे.